फॉन्डंटला घाम का फुटतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वाढदिवसाला गाडीच्या, प्राण्याच्या, पुस्तकाच्या आकाराचा केक घरी करणाऱ्यांची पत्रं या वेळी इतकी आली, की सगळं पान त्यांनाच दिलं आहे. फॉन्डंट म्हणजे लाटून केकवर घालायची साखरेची कणीक. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. छोटा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली, दोन्ही सपाट भरलेले. केकची मापं इंचात दिली आहेत, कारण साचे त्याच मापाने ओळखले जातात.

प्रश्न : रात्री केक फॉन्डंटने झाकून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात त्यावर थेंब जमले आणि लाल ठिपक्यांचा रंग पांढऱ्यावर ओघळला. फॉन्डंटचा केक फ्रिजमध्ये ठेवायचाच नाही का?

ठेवता येतो. चूक ठेवण्यात नाही, बाहेर काढण्यात झाली. ते पाणी फॉन्डंटमधलं नाही, खोलीतल्या हवेतलं आहे. गार केकला उबदार, दमट हवा लागली की त्याच्यावर दव धरतं. त्यात फॉन्डंट म्हणजे बहुतांश साखर, जोडीला ग्लुकोज आणि ग्लिसरीन. फॉन्डंट मऊ राहावा म्हणून घातलेले हे दोन्ही पदार्थ पाणी धरून ठेवणारे. त्यामुळे दव नुसतं वर बसत नाही, साखर विरघळवून चिकट पाक करतं आणि त्या पाकातून गडद रंग पसरतो.

केक बोर्डासकट जाड पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात घाला, खोक्याला बाहेरून क्लिंग फिल्मचे दोन वेढे द्या आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोकं उघडू नका. ८ इंची केक असेल तर दोन ते तीन तास तसाच खोलीत राहू द्या. दव धरायचं ते खोक्याच्या बाहेरच्या बाजूला धरतं, आतला केक हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो. आत काय चाललंय हे बघायचा मोह होतोच. त्यासाठी खिडकी असलेलं खोकं घ्या.

दव पडलंच तर पुसू नका. टिश्यू लावला की त्याचे धागे चिकटतात आणि तिथे कायमचा चकाकणारा डाग राहतो. पंखा मंद ठेवून केक समोर राहू द्या, तास-दोन तासांत पृष्ठभाग कोरडा होतो. थोडी चमक उरते, ती उरू द्या. शक्य असेल तर मुळात फ्रिजची गरजच पडणार नाही असं सारण निवडा. गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) किंवा साखर-लोण्याचं बटरक्रीम गार खोलीत एक-दोन दिवस निभावून नेतं. ताजी फळं, कस्टर्ड, फेटलेली साय हे फॉन्डंटच्या आत नकोच.

प्रश्न : घरी केलेला फॉन्डंट लाटताना काठाला फाटतो आणि केकवर घातल्यावर बारीक सुरकुत्यांची जाळी दिसते. प्रमाण चुकतंय का?

तुमचं प्रमाण पत्रात नाही, म्हणून आमचं देतो आणि मग सुरकुत्यांकडे वळतो. आयसिंग शुगर ९०० ग्रॅम, जिलेटिन पावडर १२ ते १५ ग्रॅम, गार पाणी ६० मिली, लिक्विड ग्लुकोज १७० ग्रॅम, ग्लिसरीन १ मोठा चमचा, पांढरं घट्ट शॉर्टनिंग (वनस्पती तुपासारखी चरबी) २ मोठे चमचे.

जिलेटिन पाण्यावर भुरभुरून पाच मिनिटं फुगू द्या. मग भांडं गरम पाण्यावर धरून ते विरघळवा. उकळू मात्र देऊ नका, उकळलं की जिलेटिनचा चिवटपणा कमी होतो. त्यात ग्लुकोज आणि ग्लिसरीन, शेवटी शॉर्टनिंग घाला. शॉर्टनिंग जेमतेम वितळलं की आचेवरून उतरवा. ७०० ग्रॅम साखर चाळून तिच्यात खळगा करा, कोमट मिश्रण ओता आणि आधी चमच्याने, मग हाताने मळा. उरलेली २०० ग्रॅम साखर एकदम घालायची नाही. गोळा हाताला चिकटायचा थांबला की तिथेच थांबा. दमट दिवशी सगळी लागेल, कोरड्या दिवशी उरेल. गोळ्याला शॉर्टनिंगचा हात लावून क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा आणि हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. ही रात्र वगळू नका. साखरेचे कण ओलावा शोषून घेतात, जिलेटिन बसतं आणि दुसऱ्या दिवशी तोच गोळा कितीतरी जास्त ताणतो.

आता सुरकुत्या. केक करणारे याला ‘एलिफंट स्किन’ म्हणतात. याचं कारण एकच, वरची त्वचा वाळते आणि आतला भाग मऊ असतो. ताण पडला की ती कोरडी त्वचा तडकते. ती का वाळली याची कारणं मात्र तीन-चार असतात. पंख्याखाली लाटणं. पारी लाटून मग केकवर पाणी लावायला धावणं. लाटताना दर खेपेला मूठभर कॉर्नफ्लोअर टाकणं, जे फॉन्डंटचा ओलावा पिऊन टाकतं. आणि नीट न मळता गार गोळाच लाटायला घेणं. फॉन्डंट कानाच्या पाळीइतका मऊ होईपर्यंत मळा. फार कडक असेल तर मायक्रोवेव्हमध्ये एका वेळी ५ सेकंद, त्याहून जास्त नाही, कारण आतला भाग आधी वितळतो. भुरभुरायचं असेल तर कॉर्नफ्लोअर आणि आयसिंग शुगर समप्रमाणात मिसळून पातळ कापडाच्या पुरचुंडीतून झटका, किंवा ओट्यावर शॉर्टनिंगचा पुसट हात लावा.

पडलेल्या बारीक सुरकुत्या तळहाताच्या उबेने जातात. बोटाच्या टोकावर मुगाएवढं शॉर्टनिंग घेऊन गोल गोल चोळा. जाळी खोल असेल तर तो भाग मागच्या बाजूला फिरवा, सजावट कुठे करायची ते आपोआप ठरतं!

जिलेटिन न चालणाऱ्या वाचकांसाठी : जिलेटिनच्या जागी तेवढंच अगर-अगर घालून हीच कृती करू नका. अगर उकळावं लागतं आणि ते ताणत नाही, ठिसूळ बसतं. वनस्पतिजन्य डिंकावर केलेला तयार फॉन्डंट घ्या आणि घटकांची यादी वाचा. मार्शमॅलो वितळवून केलेला फॉन्डंट हा बहुधा पर्याय ठरत नाही, कारण बहुतेक मार्शमॅलोतही जिलेटिनच असतं.

प्रश्न : ८ इंची गोल केकला किती फॉन्डंट लागतो?

केक ४ इंच उंच असेल तर पारीचा व्यास ८ अधिक दोन्ही बाजूंची उंची ४-४, म्हणजे १६ इंच, आणि काठ कापायला आणखी २. असा १८ इंचांचा गोल ४ मिलिमीटर जाडीने लाटायला साधारण ९०० ग्रॅम लागतो. कापल्यावर बरंच उरतं, पण कमी घेऊन पारी ताणत बसण्यापेक्षा ते परवडतं. जाडी ३ मिलिमीटरवर आणली तर ६५०-७०० ग्रॅममध्ये होतं; मात्र खालचा थर गुळगुळीत नसेल तर प्रत्येक उंचवटा दिसेल. बोर्ड झाकायचा असेल तर त्याचा फॉन्डंट वेगळा धरा.

प्रश्न : फॉन्डंटखाली व्हिप्ड क्रीम चालतं का? मला गनाश फार गोड वाटतो.

चालत नाही. व्हिप्ड क्रीममध्ये पाणी आणि हवा जास्त. फॉन्डंट ते पाणी खालून ओढतो, आतून पातळ होतो आणि स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. तळाशी पडणारी ती जाड घडी तुम्ही पाहिली असेल. आत थरांमध्ये घालायचा हट्ट असेल तर स्थिर केलेलं क्रीम घाला, पण काठाला एक सेंटीमीटर रुंद घट्ट बटरक्रीमचा बांध आणि बाहेरून गनाश हवाच.

गनाश गोड लागतो तो बहुतेक पांढऱ्या किंवा मिल्क चॉकलेटचा. ५५ टक्क्यांच्या पुढचं डार्क चॉकलेट घेऊन बघा. वरच्या फॉन्डंटचा गोडवाही त्याने कापला जातो. झाकणासाठीच्या गनाशचं वजनी प्रमाण : डार्क चॉकलेट २ भाग, क्रीम १ भाग. मिल्क चॉकलेट अडीच भागाला १. पांढरं ३ भागाला १, आणि हवा फार गरम असेल तर साडेतीनाला १. वर सांगितलेल्या ८ इंची केकला बाहेरून लावायला ६०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ३०० ग्रॅम क्रीम पुरतं, थोडं उरतंही. क्रीम काठाला बुडबुडे येईपर्यंत तापवा, बारीक केलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळा. पृष्ठभागाला लागून क्लिंग फिल्म ठेवून रात्रभर खोलीतच घट्ट होऊ द्या.

केकला लावल्यावर सरळ पट्टीने बाजू ओढून घ्या आणि गनाश कडक बसू द्या. कोरड्या गनाशला फॉन्डंट धरत नाही, म्हणून उकळून गार केलेलं पाणी ब्रशने पुसट फिरवा. बोट लावलं तर ओलसर वाटावं, थेंब दिसू नये. बटरक्रीम असेल तर झाकण्याआधी केक २०-३० मिनिटं फ्रिजमध्ये घट्ट करा. त्याला पाण्याची गरज सहसा पडत नाही.

प्रश्न : केक अगदी गुळगुळीत झाला होता. चार तासांनी एका बाजूला मोठा फुगा आला. टाचणीने हवा काढली, पुन्हा आला.

पुन्हा आला म्हणजे अडकलेली हवा हे एकच कारण नाही. केक बसतोय. ताज्या भरलेल्या थरांवर फॉन्डंटचं किलोभर वजन पडलं की सारण बाहेर दाबलं जातं आणि थरांमधली हवा वाट शोधते. केक गार असताना झाकला असेल तर खोलीत आल्यावर ती हवा प्रसरणही पावते.

यावर उपाय झाकण्याआधी करायचा असतो. थर भरून झाले की केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, वर बोर्ड आणि त्यावर अर्धा ते एक किलो वजन ठेवून सहा-आठ तास बसू द्या. बाजूने जे सारण बाहेर येईल ते खरवडून टाका आणि मगच गनाश लावा. काठाला बांध घालून सारण त्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली भरा.

आत्ता समोर असलेल्या फुग्यासाठी : बारीक टाचणी उभी नव्हे, तिरकी, फुग्याच्या खालच्या कडेला टोचा. स्मूदरने (फॉन्डंट गुळगुळीत करायच्या सपाट पट्टीने) लांबून भोकाकडे हवा रेटा. भोक उघडं राहू द्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात फॉन्डंट पाण्यात कालवून केलेल्या लगद्याने बुजवा. केकच्या माथ्यावर, जिथे बाहुली किंवा फूल बसणार आहे तिथे, आधीच एक भोक ठेवलं तर हवेला तिथून वाट मिळते. टाचण्या मोठ्या रंगीत डोक्याच्याच वापरा आणि काम संपल्यावर मोजून डबीत ठेवा. याबाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

प्रश्न : चौकोनी केकचे कोपरे दर वेळी फाटतात.

तुम्ही आधी सपाट बाजू बसवताय. पारी घातली की पहिल्यांदा चारही कोपरे तळहाताने आतल्या बाजूला धरून वरून खाली बसवा, मग बाजू. कोपऱ्याला गनाशची धार फार तीक्ष्ण असेल तर ती बोटाने किंचित बोथट करा. तरीही फाटलं तर त्याच फॉन्डंटचा लगदा भरून, वाळू देऊन, शॉर्टनिंगच्या बोटाने फिरवून घ्या.

प्रश्न : मुलासाठी गाडीचा केक करायचा आहे. मागच्या वेळी कापताना स्पंज चुरला आणि झालेला आकार गाडीपेक्षा बुटासारखा दिसत होता. कुठून सुरुवात करू?

कागदावरून. गाडीची बाजूची आकृती पूर्ण मापात काढा आणि कापून घ्या. जे डोळ्यांना कागदावर गाडी वाटत नाही ते केकमध्येही वाटणार नाही.

९ बाय १३ इंचांच्या साच्यात २ इंच उंच केक भाजा. हलका, फेटलेल्या अंड्यावर फुललेला स्पंज नको. लोणी घातलेला घट्ट केक हवा, तो सुरीखाली धार धरतो. एक दिवस आधी भाजा, गुंडाळून ठेवा आणि कापण्याआधी तासभर फ्रीजरमध्ये. पूर्ण गोठलेला केकही नको, त्याचे तुकडे उडतात.

लांबीत कापून साडेचार इंच रुंदीच्या दोन पट्ट्या करा. पहिलीतून १० इंचांचा तुकडा म्हणजे गाडीचं धड. दुसरीतून साडेपाच इंचांचा तुकडा म्हणजे टप. धड आडवं चिरून आत सारण पातळच भरा, जाड सारण कापताना सरकतं. टप ठेवताना पुढे पावणेतीन इंच बॉनेट, मागे पावणेदोन इंच डिकी सोडा. बूट दिसण्याचं कारण इथेच असतं : टप धडाइतकाच रुंद ठेवला आणि काचा उभ्या कापल्या. टपाच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घ्या. पुढची काच मागच्या काचेपेक्षा जास्त तिरकी. बॉनेट पुढे जाताना पाव इंच उतरतं.

लहान दातांच्या सुरीने एका वेळी बोटभर रुंद आणि पातळ कापा. जास्त कापलं गेलं तर घाबरू नका. उरलेल्या तुकड्यांचा चुरा गनाशमध्ये कालवून तो लिंपा. चाकांच्या वरचे गोल मडगार्ड, दिव्यांचे उंचवटे यांनाही हाच लगदा उत्तम.

गाडी थेट बोर्डावर टेकली की रुतल्यासारखी दिसते. धडाखाली त्याच्यापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच लहान पुठ्ठा द्या आणि त्याखाली ८ बाय ३ इंचांचा, अर्धा इंच उंच, काळ्या फॉन्डंटने झाकलेला ठोकळा. तो सावलीत लपतो. चाकं २ इंच व्यासाची, अर्धा इंच जाड, टायलोज (फॉन्डंट कडक करणारी पावडर) घातलेल्या फॉन्डंटची, तीन दिवस आधी करून वाळवलेली. धडाला चाकांसाठी अर्धगोल खाचा सव्वादोन इंचांच्या घ्या, कारण गनाश आणि फॉन्डंटचे थर चढल्यावर तो पाव इंच भरून निघतो.

झाकताना पारी टाकल्या टाकल्या प्रथम बॉनेट आणि पुढची काच मिळतात त्या कोनात बोटांनी दाबा, मग मागचा कोन, मग टप, शेवटी बाजू. उलट केलं तर कोनात पारी ताणून तंबूसारखी राहते आणि नंतर दाबायला गेलात की फाटते. खिडक्या कापून बसवण्याच्या फंदात पडू नका. २ मिलिमीटर जाडीचा करडा फॉन्डंट कापून वरून चिकटवा. दाराच्या रेघा फॉन्डंट मऊ असतानाच, पहिल्या दहा मिनिटांत, सुरीच्या पाठीने ओढून घ्या.

प्रश्न : अस्वलाची बाहुली केली. मान कलंडली, हातांना भेगा गेल्या. आणि आत टूथपिक वापरावी का?

टूथपिक नको, विशेषतः लहान मुलांच्या केकमध्ये. मूल अस्वलाचं डोकं थेट तोंडात घालतं. कच्ची कोरडी स्पगेटी घ्या; चावली गेली तरी इजा नाही, आणि ती ओलावा घेऊन मऊ पडेपर्यंत बाहुली वाळलेली असते. फुलांच्या तारा केकमध्ये थेट खुपसायच्या नाहीत, त्या अन्नाला चालणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत घालून मग रोवायच्या. ज्या बाहुलीत खाता न येणारं काही आहे, तिच्याबद्दल केक देताना तोंडी सांगा आणि खोक्यावरही लिहा.

नुसता फॉन्डंट उभा राहत नाही. २५० ग्रॅमला टायलोज किंवा सीएमसी पावडर १ छोटा चमचा मळा आणि गुंडाळून अर्धा तास, जमलं तर रात्रभर ठेवा. दमट हवेत सव्वा चमचा. दोन चमचे घातले तर लवकर कडक होतो खरा, पण हातातच तडकायला लागतो. तुमच्या भेगांचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण गोळा. कुठलाही अवयव घडवण्याआधी तळहातांत दाब देऊन असा गोळा करा की त्यावर एकही रेघ नसेल, मग दाब कमी करत गोल फिरवा. गोळ्यावरची केसाएवढी रेघ लांबट हात वळताना उघडते आणि भेग होते.

बसलेल्या, पावणेतीन इंच उंच अस्वलाची वजनं : धड ४० ग्रॅम, डोकं ३० ग्रॅम, पाय प्रत्येकी १०, हात प्रत्येकी ५, कान आणि नाक मिळून ३ ग्रॅम. काट्यावर तोलून घेतलं की दोन पाय सारखे येतात. नजरेच्या अंदाजाने कधी येत नाहीत. धड थेंबाच्या आकाराचं वळा, मधोमध स्पगेटी वरून पाऊण इंच बाहेर राहील अशी रोवा, पाय चिकटवा आणि इथे थांबा. धड रात्रभर वाळू द्या. डोकं दुसऱ्या दिवशी. मान कलंडते ती याच घाईने.

चिकटवायला ३० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात पाव छोटा चमचा सीएमसी भुरभुरून रात्रभर ठेवा. गुठळ्या आपोआप विरघळतात, ढवळत बसायला लागत नाही. लावायचं ते ब्रशच्या टोकाने, जेमतेम. जास्त लावलं की हात खांद्यावरून घसरत खाली येतो. स्पंजच्या तुकड्यांचा आधार देऊन तीन-चार दिवस उघड्यावर वाळवा, एकदा उलटा करा. फ्रिजमध्ये वाळत नाही. पावसाळी हवेत झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यात वाळवा, पुड्या बाहुलीला लागू देऊ नका. आणि वाळलेली बाहुली केकवर शक्य तितकी उशिरा बसवा, ती खालून पुन्हा ओलावा घेते.

प्रश्न : काळा आणि लाल रंग गडद येतच नाही. जास्त घातला की फॉन्डंट चिकट आणि कडू होतो. जांभळा केला होता, तो दोन दिवसांत निळा झाला!

काळ्यासाठी पांढऱ्यापासून सुरुवात करणं म्हणजे रंगाची बाटली संपवणं. ५०० ग्रॅम फॉन्डंटमध्ये आधी ३ मोठे चमचे गडद कोको आणि १ छोटा चमचा शॉर्टनिंग मळा. तपकिरी गोळ्याला काळा व्हायला थोडाच जेल रंग पुरतो. गडद करडा झाला की थांबा आणि रात्रभर ठेवा, रंग आपणहून चढतो. लालाचंही तेच : संध्याकाळी गडद गुलाबी दिसणारा गोळा सकाळी लाल असतो. पाण्यासारखे पातळ रंग कधीच वापरू नका. तरीही अख्खा केक काळा किंवा लाल करायचा असेल तर आमचं स्पष्ट मत तयार रंगीत फॉन्डंट घ्या असंच आहे.

जांभळ्यातली लाल-गुलाबी छटा उजेडात उडते आणि निळी मागे राहते. केक बंद खोक्यात, खिडकीपासून आणि प्रखर दिव्यांपासून लांब ठेवा. लागणारा सगळा रंगीत फॉन्डंट एकदम मळा, थोडा जास्तच. नंतर तीच छटा पुन्हा जुळत नाही.

प्रश्न : सोनेरी पावडरच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय. केकला लावू ना?

नाही. ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे खाण्याजोगं नव्हे. डबीवर ‘खाद्य’ किंवा ‘एडिबल’ असा स्पष्ट शब्द आणि घटकांची यादी, दोन्ही हवंत. ‘फक्त सजावटीसाठी’ असं असेल तर ती पावडर काढून टाकता येणाऱ्या खोट्या टॉपरला (केकवर लावायच्या शोभेच्या वस्तूला) लावा. ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाच्या केकवर लावलेल्या गुलाबी-सोनेरी पावडरमुळे मुलांना उलट्या झाल्या आणि त्या केकमध्ये तांबं मोठ्या प्रमाणात सापडलं. मिसुरी राज्यात २०१९ मध्ये अशाच सजावटीच्या पावडरमध्ये शिसं निघालं.

खाद्य पावडर ओली करून रंगवायची तर पाणी वापरू नका, ते फॉन्डंट विरघळवतं आणि ब्रशचे ओरखडे राहतात. तीव्र, रंगहीन मद्यार्क किंवा मद्यार्कातला लिंबाचा अर्क घ्या, तो लगेच उडून जातो. दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं.

प्रश्न : दोन मजली केकचा वरचा मजला खालच्यात रुतला. डॉवेल (आधाराच्या काड्या) घातले होते.

वरच्या केकखाली त्याच्याच मापाचा बोर्ड होता का? नसेल तर डॉवेल वरच्या केकमध्ये घुसतात आणि तो खाली बसतो. ८ इंचांवर ६ इंची ठेवायचा असेल तर ६ इंचांचा गोल हलकेच उमटवा, त्याच्या एक इंच आत चार आणि मधोमध एक डॉवेल लावा. पहिला डॉवेल बोर्डापर्यंत उभा घाला, केकच्या पृष्ठभागावर खूण करा, बाहेर काढा आणि पाचही त्याच लांबीचे कापा. प्रत्येकाची वेगवेगळी खूण केली तर केकचा चढउतार डॉवेलमध्ये उतरतो आणि सगळं वजन उंच असलेल्या दोनांवर पडतं. दोन्ही मजले गार आणि घट्ट असताना रचा. प्रवास असेल तर मधला डॉवेल लांब, टोक केलेला घ्या आणि वरच्या बोर्डाला भोक पाडून दोन्ही मजल्यांतून तळापर्यंत ठोका.

प्रश्न : अक्षरांच्या साच्यात फॉन्डंट अडकून बसतो.

टायलोज घातलेला फॉन्डंट दीड मिलिमीटरपेक्षा जाड लाटू नका. लाटून पाच-दहा मिनिटं उघडा ठेवा, वरून किंचित सुकू द्या, मग साचा दाबा आणि ओट्याच्या कडेवर एकदा जोरात आपटा. टाचणीने उकरून काढलेलं अक्षर वाकडंच निघतं.

प्रश्न : केक गाडीतून नेताना कुठे ठेवायचा?

मांडीवर नाही आणि सीटवरही नाही, सीट मागे उतरती असते. डिकीच्या सपाट तळावर, खाली न सरकणारी रबरी जाळी घालून ठेवा. खोकं बोर्डाच्या मापाचंच हवं, त्यात बोर्ड सरकता कामा नये. गाडी आधी दहा मिनिटं गार करा. उंच बाहुल्या वेगळ्या डब्यात स्पंजच्या खाचेत न्या आणि पोहोचल्यावर बसवा. सोबत एका डबीत सीएमसीचं पाणी, ब्रश, त्याच रंगांचे लिंबाएवढे गोळे, थोडं शॉर्टनिंग आणि एक स्मूदर असू द्या.